तिचे कागद तिच्या हाती

अमेरिकेत अडचणीत सापडलेल्या मराठी स्थलांतरितांच्या कायदेशीर हक्कांसाठी उभ्या राहणाऱ्या चळवळीचा जाहीरनामा

अमेरिकेत राहणारे आम्ही मराठी लोक आणि ज्यांच्या लेकी, बहिणी, आईवडील तिथं आहेत असे महाराष्ट्र-गोव्यातले आमचे सोबती आज एका कामासाठी एकत्र येत आहोत. घरात मार खाणाऱ्या, कामाच्या जागी डांबलेल्या, पासपोर्ट काढून घेतलेल्या आपल्या माणसाला अमेरिकेच्या कायद्यात कोणकोणत्या वाटा आहेत, हे त्याला मराठीत, वेळेत आणि फुकट कळलं पाहिजे. जिथं वाट नाही तिथं ती करून घेण्यासाठी आम्ही भांडणार आहोत.

"तुझ्यासाठी कायद्यात काही नाही" हे आजवर फार जणींनी ऐकून घेतलं. नवरा म्हणतो, "मी एक ईमेल टाकली की परवा तू विमानात." कामाला ठेवणारी मालकीण म्हणते, "पोलिसांना बोलावलंस तर ते तुलाच धरतील." आणि माहेरचं माणूस फोनवर म्हणतं, "थोडं सोस, ग्रीन कार्ड होऊन जाऊ दे." पहिली दोन वाक्यं धाक घालायला असतात, तिसरं मायेपोटी येतं. पण त्या तिसऱ्या वाक्याचा हिशेब कुणी मांडत नाही. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच येतात. त्यामुळे भारतीयांची रांग दहा वर्षांपेक्षाही लांब गेली आहे. तिशीतल्या मुलीला "ग्रीन कार्ड होईपर्यंत सोस" म्हणणं म्हणजे चाळिशी उलटेपर्यंत मार खा, असं सांगणं आहे.

पुढे वारंवार येणारा एच-फोर व्हिसा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवऱ्याला कंपनीनं एच-वन-बी व्हिसावर नेलं की बायकोला एच-फोर मिळतो. बायको एच-वन-बीवर आणि नवरा एच-फोरवर असंही असतं, आणि छळ झालेल्या पुरुषालाही पुढे सांगितलेले सगळे कायदे तितकेच लागू आहेत. पण बहुतेक घरांत 'डिपेंडंट' बाईच असते. तिचं तिथलं राहणं त्याच्या नोकरीवर आणि त्याच्याशी झालेल्या लग्नावर अवलंबून असतं. २०१५ सालापासून काही एच-फोरधारकांना नोकरीची परवानगी मिळू लागली, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं असेल तर. बाकीच्यांनी पदवी गुंडाळून घरी बसायचं. बँकेचं खातं त्याचं, घराचा करार त्याच्या नावाचा, फोन त्याच्या प्लॅनवर. कुणाला किती वेळ फोन केला ते बिलात त्याला दिसतं.

आमच्यातल्या अनेकींनी जवळून पाहिलेलं एक दृश्य आहे. शनिवारी सकाळी, भारतात संध्याकाळ असताना, आईचा व्हिडिओ कॉल येतो. फोन ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवलेला, आवाज स्पीकरवर, आणि तो पलीकडे सोफ्यावर बसलेला. ती भाजी काय केली ते सांगते. जुलै असला तरी अंगात लांब बाह्यांचा ड्रेस. आई विचारते, "बरी आहेस ना गं?" ती पोळी लाटता लाटताच "हो" म्हणते. तिचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला, तिच्या एच-फोरचं मंजुरीपत्र हे सगळं त्याच्या कपाटातल्या फायलीत असतं. ते मंजुरीपत्र तिच्या नावाचं असूनही तिनं एकदाही वाचलेलं नसतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आता कायद्याचं बोलू. अमेरिकेनं १९९४ साली महिलांवरच्या हिंसाचाराविरुद्ध कायदा केला. तिकडे त्याच्या आद्याक्षरांवरून त्याला 'वावा' म्हणतात. नवरा अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल आणि मारहाण किंवा पराकोटीचा छळ करत असेल, तर बायकोला त्याच्या सहीशिवाय, त्याला न कळू देता, स्वतःचा अर्ज करता येतो. फॉर्म आय-३६०. त्याला फी नाही. अंगावर वळ दाखवावेच लागतात असंही नाही. धमक्या, कोंडून ठेवणं, पैसे काढून घेणं, सततची पाळत यांचाही छळ म्हणून विचार होतो. छळामुळे घटस्फोट झाला असेल तर त्यानंतर दोन वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. ज्यांना लग्नामुळे दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळालं आहे, त्यांनी ती अट काढण्याचा अर्ज एरवी नवऱ्यासोबत करायचा असतो. छळ असेल तर तोही एकटीनं करता येतो. १९९६ पासून कायद्यात गुप्ततेचं संरक्षणही आहे. तिनं अर्ज केल्याचं सरकार नवऱ्याला सांगू शकत नाही, आणि केवळ त्यानं पुरवलेल्या माहितीवरून तिच्याविरुद्ध निर्णय घेऊ शकत नाही. तेव्हा ती "एक ईमेल"ची धमकी ऐकणाऱ्या प्रत्येकीला आम्ही सांगू इच्छितो: ईमेल टाकून बायकोला हद्दपार करण्याचा अधिकार कुठल्याही नवऱ्याला नाही.

याच कायद्यात २००५ च्या सुधारणेनं आलेली एक तरतूद मराठी घरांत फारच थोड्यांना माहीत आहे. नागरिक झालेल्या, एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या मुलानं किंवा मुलीनं आईवडिलांचा छळ केला, तर आईवडिलांनाही स्वतःचा अर्ज करता येतो. बाळंतपणाला म्हणून बोलावलेली आई चार-चार वर्षं बिनपगारी कामवालीसारखी राबते, औषधाच्या पैशांसाठी हात पसरते, आणि मुलाची अब्रू जायला नको म्हणून गप्प बसते. अशा आज्यांना मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत पहिल्या रांगेत बसवतात. त्यांना ही तरतूद मात्र कुणी सांगत नाही.

आणि आता या कायद्यातलं भगदाड. नवरा नागरिक असेल तर वावा आहे. नवरा ग्रीन कार्डधारक असेल तर वावा आहे. नवरा एच-वन-बीवर असेल तर नाही. एकाच सोसायटीतल्या दोन घरांत दोन बायका सारखाच मार खात असतात. एकीला कायदा हात देतो, दुसरीला विचारतो, तुझ्या नवऱ्याचा व्हिसा कोणता? ज्या बाईला सगळ्यात जास्त परावलंबी करून ठेवलं आहे, तिलाच मुख्य संरक्षणाबाहेर ठेवलेलं आहे. हा अन्याय आहे आणि तो दूर होईपर्यंत ही चळवळ थांबणार नाही.

अमेरिकी काँग्रेसला हे भगदाड दिसलं नव्हतं असं नाही. २००६ च्या जानेवारीत सही झालेल्या त्याच २००५ च्या सुधारणेत एच-फोरवरच्या छळग्रस्त जोडीदारांना नोकरीची परवानगी देण्याची तरतूद झाली. त्यासाठीचा अर्जाचा नमुना, आय-७६५-व्ही, प्रत्यक्ष मिळू लागला २०१७ साली. अकरा वर्षं कायदा पुस्तकात होता आणि बायका घरात होत्या. आज ती परवानगी दोन वर्षांसाठी मिळते, पण तिच्यानं राहण्याचा दर्जा मिळत नाही. म्हणजे सरकार तिला म्हणतं की तू नोकरी कर; पण तुला इथं राहता येईल का, याचं उत्तर आमच्याकडे नाही. तरीही ज्या बाईकडे स्वतःचे चाळीस डॉलरही नाहीत तिला ही परवानगी मोलाची आहे. पगार आला की वेगळी खोली घेता येते, वकील गाठता येतो. जिला हक्क आहे तिनं हा अर्ज जरूर करावा.

एच-फोरवरच्या बाईसाठी खरी मोठी वाट म्हणजे यू व्हिसा. २००० सालच्या कायद्यानं तो आणला. कौटुंबिक हिंसा, लैंगिक अत्याचार, डांबून ठेवणं अशा ठरावीक गुन्ह्यांचा बळी ठरलेल्या आणि तपासात मदत केलेल्या माणसाला तो मागता येतो. नवऱ्याचा व्हिसा कोणता, हा प्रश्न इथं येत नाही. पण दोन अडथळे आहेत. वर्षाला मुख्य अर्जदारांना फक्त १०,००० यू व्हिसा मिळतात, आणि अर्ज लाखांच्या घरात तुंबले आहेत. वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. २०२१ पासून प्राथमिक छाननीत खरे वाटलेल्या अर्जदारांना वाट पाहण्याच्या काळात नोकरीची परवानगी देण्याची सोय झाली, हा त्यातला दिलासा. दुसरा अडथळा म्हणजे पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश यांच्यापैकी कुणीतरी 'हिनं मदत केली' अशी सही द्यावी लागते, आणि ती सही अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतली लागते. कॅलिफोर्नियात २०१६ पासून या सहीच्या विनंतीवर मुदतीत निर्णय देणं यंत्रणांवर बंधनकारक आहे. इतर अनेक ठिकाणी ते त्या त्या खात्याच्या मर्जीवर चालतं.

म्हणून पोलीस दारात येतात ती दहा मिनिटं फार महत्त्वाची असतात. तो अस्खलित इंग्रजीत, हसतमुखानं सांगतो की थोडी वादावादी झाली, बायको जरा भावनाप्रधान आहे. ती घाबरलेली, इंग्रजी अडखळतं, तिच्या ओरखड्यांच्या खुणा त्याच्या हातावर. अहवालात त्याची हकिगत उतरते, कधीकधी बेड्याही तिलाच पडतात. तेव्हा आमचं सांगणं एवढंच: "मराठी इंटरप्रिटर" हे दोन शब्द म्हणा आणि म्हणत राहा. नवऱ्याला किंवा मुलांना दुभाषा होऊ देऊ नका. जाताना अधिकाऱ्याकडून केस नंबर लिहून घ्या. अनेक वर्षांनी यू व्हिसाचा अर्ज त्याच नंबरावर उभा राहतो.

घटस्फोटाचंही नीट समजून घ्यायला हवं. हुकूमनामा झाला त्या दिवशी एच-फोरचा आधार संपतो. तेव्हा तो होण्याआधीच विद्यार्थी व्हिसा, पर्यटक व्हिसा किंवा स्वतःचा नोकरीचा व्हिसा यांतलं काय जमेल ते वकिलाशी बोलून ठरवावं लागतं. मुदतीपलीकडे १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहून सोडला तर दहा वर्षं परत येण्याची बंदी लागू शकते. मुलं असतील तर आणखी सांभाळून. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणासंबंधीच्या हेग करारावर भारताची सही नाही, म्हणून "मुलाला घेऊन सरळ पुण्याला ये" असं घरचे सांगतात. पण त्यानंतर अमेरिकेत तिच्यावर अपहरणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो आणि मुलाचा ताबाही जाऊ शकतो. आधी तिथल्या न्यायालयात ताब्याचा आणि संरक्षणाचा आदेश मागावा. तो मागायला व्हिसाचा दर्जा लागत नाही.

उलटा प्रकारही होतो. सुट्टीला म्हणून तिला भारतात आणायचं, विमानतळावर सोडायला आलेल्या सासऱ्यांकडे तिचा पासपोर्ट ठेवून नवऱ्यानं एकट्यानं परत जायचं, आणि तिकडून घटस्फोटाचे कागद पाठवायचे. अशा बाईनं ते कागद फेकून देऊ नयेत. उत्तर न दिल्यास एकतर्फी निकाल लागतो. असे परदेशी निकाल भारतात आपोआप मान्य होत नाहीत, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये नरसिंह राव प्रकरणात सांगितलं आहे. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीय विवाहांसाठी २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. आणि नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल आणि छळ अमेरिकेत झाला असेल, तर वावाचा अर्ज भारतातूनही करता येतो.

ही चळवळ फक्त बायकांची नाही. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर मिसिसिपीतल्या पास्कागुला आणि टेक्सासमधल्या ऑरेंज इथल्या सिग्नल इंटरनॅशनल कंपनीच्या गोद्यांवर भारतातून सुमारे ५०० वेल्डर आणि पाइपफिटर नेले. ग्रीन कार्डाचं आमिष दाखवून दलालांनी प्रत्येकाकडून दहा ते वीस हजार डॉलर उकळले, हाती तात्पुरता व्हिसा ठेवला आणि कुंपणाच्या आत एकेका ट्रेलरमध्ये चोवीस-चोवीस माणसं कोंबली. २००८ च्या मार्चमध्ये त्यांतले कामगार काम सोडून बाहेर पडले, वॉशिंग्टनला गेले, उपोषणाला बसले. २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीनं पहिल्या पाच कामगारांना १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई दिली. सिग्नलच्या या कामगारांतल्या अनेकांना मानवी तस्करीच्या बळींसाठीचा टी व्हिसा मिळाला. वर्षाला असे ५,००० देता येतात. घरकामाला नेलेली बाई, मोटेलमध्ये राबणारा मुलगा, पगार अडवून ठेवलेला स्वयंपाकी, या सगळ्यांनी हा व्हिसा आपल्याला लागू होतो का, हे तपासून घेतलं पाहिजे.

कुणाकडे तपासायचं? व्हिसाची कामं करून देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे नाही, देवळातल्या सल्लागाराकडे नाही, आणि आमच्याकडेही नाही. आम्ही वकील नाही आणि कायदेशीर सल्ला देणार नाही. परवाना असलेला वकील किंवा न्याय खात्यानं मान्यता दिलेला प्रतिनिधी, हे दोघेच. अमेरिकेच्या इमिग्रेशन न्यायालयात सरकार वकील देत नाही, तो स्वतः शोधावा लागतो. सध्याच्या दिवसांत अर्ज नामंजूर झाला तर हद्दपारीची नोटीस येऊ शकते, म्हणून विचारल्याशिवाय एकही फॉर्म टाकू नये. सुदैवानं आपल्या बायकांनी उभ्या केलेल्या संस्था आहेत: न्यू जर्सीत १९८५ पासून 'मानवी', न्यूयॉर्कला १९८९ पासून 'सखी', कॅलिफोर्नियात 'मैत्री' आणि 'नारिका', शिकागोला 'अपना घर'. त्यांनी हे ओझं चाळीस वर्षं वाहिलं आहे. मराठी समाजानं त्यांना देणगी दिली, पण आपल्या घरातली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचू दिली नाही.

मग आम्ही काय करणार? आमच्याकडे आमची भाषा आहे, आणि नेमकी तीच या अर्जांना लागते. 'अब्रू घालवशील तर बघ' असे शेकडो व्हॉट्सअॅप संदेश, सातारच्या आईचं प्रतिज्ञापत्र, लग्नपत्रिका, नगरपालिकेचा दाखला, हे सगळं पुरावा म्हणून चालतं, पण त्याचं इंग्रजी करावं लागतं. ते सरकारी अनुवादकाकडूनच व्हावं अशी अट नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसानं अचूकतेची लेखी हमी दिली की पुरतं. वकिलाच्या टेबलावर पडून राहिलेल्या मराठी कागदांचा प्रत्येक ढीग आम्ही फुकट उपसून देऊ. हे काम त्या बाईच्या गावातला माणूस कधीही करणार नाही. न्यू जर्सीचे कागद सिअॅटलचा स्वयंसेवक वाचेल. ऐकलेलं बाहेर फोडणाऱ्याला चळवळीत जागा नाही, मग तो कितीही जुना कार्यकर्ता असो.

१९८१ पासून उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना एकत्र बांधणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाकडे आणि गावोगावच्या मंडळांकडे आमची मागणी आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवात, गणपतीच्या मांडवात, मराठी शाळेच्या वऱ्हांड्यात आणि मुख्य म्हणजे बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारामागे हेल्पलाइनचे नंबर मराठीत लावा. तिथं तिच्या पाठोपाठ कुणी येत नाही. छळाची तक्रार असलेल्या माणसाला देणगीसाठी व्यासपीठावर बसवू नका. आणि "दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालू" हा उद्योग बंद करा. त्या बैठकीतून ती त्याच्याच गाडीतून घरी जाते.

अमेरिकी सरकारकडे दोन मागण्या आहेत. नागरिकाशी लग्न ठरवून के व्हिसावर येणाऱ्या जोडीदाराला २००५ च्या कायद्यानुसार कौटुंबिक हिंसेविषयीच्या हक्कांचं माहितीपत्रक मिळतं. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत एच-फोरचा शिक्का घेणाऱ्या प्रत्येकीला तेच मराठीत मिळालं पाहिजे. आणि नवऱ्याचा व्हिसा न विचारता स्वतःचा अर्ज करण्याचा हक्क एच-फोरवरच्या छळग्रस्तांना कायद्यानं मिळाला पाहिजे. भारतीय वकिलातींकडे एकच मागणी आहे: नवऱ्यानं पासपोर्ट दडवला असेल तर नवा पासपोर्ट देताना त्याची संमती किंवा सही मागू नका.

हे सगळं परक्या देशात कसं मागायचं, असं विचारणाऱ्यांना सखाराम गणेश पंडित हे नाव सांगतो. कॅलिफोर्नियातल्या या वकिलानं १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नागरिकत्वाच्या खटल्यात भगतसिंग थिंद यांची बाजू मांडली. खटला गेला. हिंदी माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल लागला. मग सरकार आधी दिलेली नागरिकत्वं काढून घ्यायला निघालं, पंडितांचंसुद्धा. पंडित म्हणाले, तुम्ही नागरिकत्व दिलंत, त्याच्या भरवशावर मी माझं आयुष्य उभं केलं, आता ते काढून घेता येणार नाही. १९२६ मध्ये अपिलात ते जिंकले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला. त्यानंतर सरकारनं इतर हिंदी लोकांवरचे तसले खटलेही सोडून दिले. ज्या देशात हिंदी माणूस नागरिक होऊ शकत नव्हता, तिथं एका हिंदी वकिलानं हे करून दाखवलं.

महाराष्ट्रातल्या आईबाबांना शेवटची विनंती. अमेरिकेतलं स्थळ बघताना पगार विचारता, तसा मुलाचा व्हिसा कोणता हेही विचारा. मुलगी निघण्याआधी तिचा पासपोर्ट, व्हिसाचं पान, लग्नाचा दाखला, मंजुरीपत्र यांच्या आणि जावयाच्या ग्रीन कार्डाच्या किंवा नागरिकत्वाच्या कागदाच्या प्रती स्वतःच्या घरात ठेवून घ्या. ती "बरी आहे" म्हणाली की एकदा स्पीकर बंद करायला सांगा. आणि घर सोडायचं ती म्हणाली, तर "लोक काय म्हणतील" हे शब्द तोंडातून काढू नका.

अमेरिकेतली राष्ट्रीय कौटुंबिक हिंसाचार हेल्पलाइन चोवीस तास चालू असते: १-८००-७९९-७२३३. जिवाला धोका असेल तर ९११. हे दोन नंबर आज आपापल्या ओळखीच्या पाच बायकांना द्या, आणि मराठी-इंग्रजी दोन्ही नीट येत असेल तर आमच्या अनुवादकांत नाव नोंदवा. कागद वाट पाहत पडले आहेत.